सुटणारी बाही

गणवेश शिवणाऱ्याची आठवण लोकांना कधी होते? माप चुकलं की, नाहीतर शिवण उसवली की. नीट बसलेला खाकी शर्ट घालून एखादा कंडक्टर वर्षानुवर्षं तिकिटं फाडतो, पण हा शर्ट कुणी शिवला असेल असं त्याच्या मनातसुद्धा येत नाही. माझी तक्रार नाही. आमच्या धंद्यात कुणाला आठवण न होणं हीच शाबासकी असते.

ज्यांच्याकडे मी सगळी नोकरी केली त्यांना नगरच्या कापड बाजारात तंबूवाले म्हणत. खरं आडनाव वेगळं. आमचे मालक अण्णा, यांच्या वडिलांनी इंग्रजांच्या काळात भिंगारच्या कॅम्पासाठी तंबू शिवले, मग जवानांच्या पाठीवरच्या पिशव्या, मग खाकी कपडे. इंग्रज गेले, तंबूही गेले, नाव तेवढं राहिलं. अण्णांच्या हाती कारभार आला तेव्हा त्यांनी धंदा कारखान्यांकडे वळवला. वेल्डिंगवाल्यांचे चामडी अॅप्रन, भट्टीवाल्यांचे जाड हातमोजे, दवाखान्यातले झगे, आणि साखर कारखान्यांच्या कामगारांचे निळे कोट. पुढे दुकान, मागे शिवणघर, त्याच्याही मागे घर. वैनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, एका हातानं भाकरी थापायच्या आणि तिथूनच ओरडून सांगायच्या, "कोण गं ती, मशीन कुरकुरतंय तुझं, तेल घाल!"

मी मालवणकडची. वडील गेले आणि सातवीतच माझी शाळा सुटली. थोरला भाऊ नगरच्या कॅम्पात जवान होता, त्यानं मला स्वयंपाकपाण्याला म्हणून आणलं. पाकिस्तानशी लढाई झाली, ती संपली, आणि त्याची बदली आसामकडे झाली. घरी परत जावं तर तिथे आई आणि पाठची भावंडं माझ्याकडेच डोळे लावून बसलेली. वैनींनी परसातली खोली दिली, म्हणाल्या, "शिवण येतं का?" येतं म्हटलं. येत होतं ते परकर-पोलक्यांपुरतं.

मला तेव्हा सगळ्याची धास्ती वाटायची. माझं बोलणं ऐकून बायका हसतील याची, सुई मोडेल याची, दुसऱ्यांदा भात घेतला तर कुणाच्या डोळ्यावर येईल याची. बायका हसायच्याही. "मालवणी, आज शेपूच हाय गं, मासा न्हाई घावला!" पण मी जेवायला बसले नाही असं दिसलं की त्यांतलीच एक ताट घेऊन माझ्या खोलीशी यायची. ते उपकार मी विसरलेले नाही.

या घराची एक रीत होती. खंडेनवमीला सगळीकडे हत्यारांची पूजा होते, तशी आमच्याकडे मशीन, कात्र्या, इस्त्र्या यांची व्हायची. पूजा झाली की "ओढ". तुळईला एक लोखंडी आकडा होता. त्याला नव्या कामगारानं शिवलेला कोट अडकवायचा आणि अण्णांनी बाहीला धरून पाय उचलायचे. अण्णा देहानं चांगले भरभक्कम. बाही खांद्यातून उसवली तर त्या माणसानं पुन्हा सरळ टिपेपासून शिकायचं. माझा कोट लटकवला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. अण्णा लोंबकळले, एक झोका घेतला, खाली उतरले आणि म्हणाले, "राहा." नोकरीचं एवढंच पत्र मला मिळालं.

आमची शिवण कशी, ते सांगते. दोन कापडांच्या कडा एकमेकींत दुमडायच्या, वरून शेजारी शेजारी दोन टिपा घालायच्या आणि टिपेच्या दोन्ही टोकांना मशीन मागेपुढे नेऊन गाठ पक्की करायची. कापड फाटेल, शिवण सुटणार नाही. यामागे अण्णांच्या वडिलांची एक हकीकत होती. त्यांनी शिवलेल्या पिशवीचा पट्टा तुटला म्हणून एक जवान दुकानात आला, तुटका पट्टा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि निघून गेला. तेव्हापासून त्या घरात एकच शिकवण. आपलं शिवलेलं माणसाला दगा देता कामा नये.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी तिथे नवीनच होते. कामं आटली. दवाखान्यांनी झगे पुढच्या वर्षावर टाकले. हातात राहिलं ते श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याचं काम, गाळप सुरू व्हायच्या आधी द्यायचे कोट. हेही गेलं तर माणसं कमी करावी लागतील, असं कटर मास्तर बोलून गेले. आमचं सगळं कापड तेच बेतायचे. कामावर सगळ्यांत शेवटी कोण आलं होतं हे मला कुणी सांगायला नको होतं.

नमुन्याचे काही कोट आम्ही आधी पाठवले होते. निरोप आला की मिलमधली माणसं ते घालतच नाहीत, खुंटीला टांगून ठेवतात. अण्णा तडकले. "घालत नाहीत म्हणजे? माप चुकलं का?" मास्तर म्हणाले, "माप माझं आहे." म्हणजे चुकणं शक्य नाही. अण्णा स्वतःच कारखान्यावर जायला निघाले, आणि जागेवर काही कमीजास्त करावं लागलं तर असावं म्हणून सोबत मला घेतलं. हातमशीन पोत्यात घालून मी एस.टी.त मांडीवर धरून बसले.

साखर कारखान्यातली मिल म्हणजे जिथे ऊस चिरडतात ती जागा. उसाच्या कांड्या सरकत्या पट्ट्यावरून येतात आणि माणसाहून उंच दातेरी रुळांमध्ये जातात. रुळांच्या मोठाल्या चाकांना चालू असतानाच तेल द्यावं लागतं. ते देणारा तो ऑइलमन. आम्ही गेलो तेव्हा हंगामाआधीची दुरुस्ती चालली होती, सगळं थंड पडलं होतं. भिवाजी नावाचे ऑइलमन आमचा कोट खांद्यावर टाकून आले. रोड, उंच, मिशा पिकायला लागलेल्या.

"काय भिवाजीराव, टोचतो का कोट?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई वो. लई झ्याक हाय. लग्नाला घालून जावा असा हाय."

"मग?"

"म्हनूनच घालत न्हाई." त्यांनी कोटाची बाही दोन्ही हातांत धरून ओढून दाखवली. "ही फाटंल का?"

"फाटेल?" अण्णांना राग आला. "तुम्ही अन् तुमचा बैल दोघं मिळून ओढा."

"तेच म्हनतोय मी. रूळ बैलापरीस जोर लावतो." भिवाजी सावकाश बोलत होते, भांडण करायचं नाही अशा आवाजात. "आमच्या जोडीदारानं थंडीचा म्हनून लष्करातला जुना कोट घेतला हुता, कॅम्पाच्या लिलावातला. चाकानं बाही धरली. सदरा असता तर टरकन फाटला असता. कोट फाटला न्हाई. आता त्यो गेटावर बसतो, एका हातानं बिडी पेटवाया शिकलाय."

 मग अण्णांनी विचारलं, "शिवण कशी होती त्या कोटाची?"

"तुमच्यावानीच. दोन टिपंची."

तेवढ्यात कारखान्याचे साहेब आले. माणूस भला. म्हणाले, "काळजी करू नका, अण्णा. मिल सुरू झाल्या दिवसापासून कोट सक्तीचा. बिनकोटाचा कुणी आत जाणार नाही." त्यांना वाटलं आपण आमची अडचण सोडवली. मी भिवाजींकडे पाहिलं. ते कोटाची घडी घालत होते, अगदी नीट, आपल्या घरच्या कपड्याची घालावी तशी.

परतीच्या एस.टी.त अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. काळी रानं नुसती पडून होती. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी आता ओळखू शकते. त्यांच्या वडिलांनी, त्यांनी, कॅम्पासाठी किती कोट शिवून दिले होते; लिलावातला तो कोट त्यांतलाच नसेल कशावरून? तेव्हा मात्र मला इतकंच कळलं की हे कोट असेच गेले तर कुणाचा तरी हात जाणार आहे, आणि त्या बाहीला माझी टीप असणार आहे.

घरी आल्यावर मी वैनींना सांगितलं. म्हटलं, अण्णांना तुम्ही सांगा. वैनी परातीत पीठ मळत होत्या. "मी सांगितलं तर ते म्हणतील बायको डोकं खाते. तू सांग. पण नुसतं तोंडानं सांगू नको, करून दाखव."

मी एक कोट घेतला, बाही उसवली आणि सुटेल अशी शिवली. म्हणजे एकच टीप, लांब टाक्यांची. धीर करून अण्णांपुढे नेला. काय सांगायचं ते पाठ करून गेले होते, ते सगळं तिथे विसरले. "अण्णा, ही ओढून बघा," एवढंच निघालं. त्यांनी ओढली. बाही जागची हलली नाही. आणखी जोरात ओढली. नाहीच. माझ्या हातानं सवयीनं टिपेची दोन्ही टोकं मागेपुढे करून पक्की करून टाकली होती! खांद्याच्या मध्यावर आणखी एकदा, हेही मला नंतर दिसलं.

अण्णा इतके खूश झाले की विचारू नका. "बघ! तुझ्या हातालासुद्धा कच्चं शिवता येत नाही. आणि येत असतं तर मी त्या दिवशी तुला ठेवलं असतं का?"

"पण अण्णा, त्या माणसांचे हात..."

"मालवणी, ऐक." आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "तंबूवाल्यांची शिवण उसवली, हे कापड बाजारात कुणी म्हणालं तर मी दुकानाची फळी उघडायची नाही. हातबीत जपणं त्यांच्या साहेबाचं काम. आपलं काम शिवायचं."

मी खोलीत जाऊन रडले. रडून झाल्यावर विचार केला, नोकरी तर अशीही जायच्या मार्गावर आहे. मग भ्यायचं कशाला? माझ्यासारखीला हा विचार सुचला याचं मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी बाह्या शिवू लागले. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. सुटणारी बाही म्हणजे ढिली बाही नव्हे. दिवसभर हात वरखाली केले, तेलाचा डबा उचलला, शिडी चढली तरी ती टिकली पाहिजे, आणि चाकानं हिसका दिला की त्याच क्षणी सुटली पाहिजे. मास्तरांना वैनींनी सगळं सांगून ठेवलं होतं, त्यांनी पहिली बाही अंगावर घालून बघितली. फळीवरची बिडी काढायला हात वर केला आणि बाही हळूच घसरून मनगटाशी आली. मास्तर तसेच उभे. "बिडी सोडावी म्हणतेस का मी?" सगळं शिवणघर हसलं. पुढची बाही इतकी घट्ट झाली की ओढताना मास्तरच माझ्याकडे ओढले गेले.

वाट वैनींनी दाखवली. मशीनची टीप दोन धाग्यांची असते, एक वरून सुईतून येतो, एक खालून बॉबिनमधून. "वर नेहमीचा ठेव, खाली बारीक घाल," त्या म्हणाल्या. "माझी आई गोधडीची खोळ अशीच बारीक धाग्यानं शिवायची, धुवायच्या वेळी ओढली की निघून यायची." तसं केलं. टोकं पक्की करायची नाहीत म्हणून मी डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधली, ती दिसली की हात थांबायचा. ही बाही मास्तरांनी सबंध दिवस घातली, कापडाचे तागे उचलले, बिड्याही काढल्या. टिकली. संध्याकाळी त्यांनी ती हिसकली. सुटली.

आता अण्णांना दाखवायचं होतं, आणि ओढून दाखवण्यात अर्थ नव्हता. ते म्हणालेच असते, ओढली की सुटते हा काय गुण झाला? वैनी म्हणाल्या, "चाकच दाखवू त्यांना."

आमच्या शिवणघरात विजेची मशीनं होती, पण प्रत्येकीला वेगळी मोटर नव्हती. टेबलाखालून एक लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी सगळी मशीनं चालायची. त्या दांड्याच्या भीतीनं आम्ही पदर खोचून आणि वेण्या वर बांधून बसायचो. आम्ही चिंध्या भरून एक माणूस केला आणि त्याला आपला नेहमीचा दोन टिपांचा कोट चढवला. स्टुलावर बसवून दोरीनं स्टुलाला बांधला. अण्णांना हाक मारली. ते दारात आले, "हे काय, गणपती बसवताय का?" म्हणाले, आणि मी बाहीचं टोक काठीनं दांड्याकडे ढकललं.

बाही गुंडाळली गेली. नुसती गुंडाळली गेली असं लिहिलं तरी खोटं वाटतं, इतक्या झटक्यात ते झालं. चिंध्यांचा माणूस स्टुलासकट उडाला, टेबलाच्या कडेवर आदळला आणि खांद्यापर्यंत आत गेला. पट्टा जळाल्याचा वास आला, मशीनं गुरगुरून बंद पडली. मास्तरांनी बटण दाबलं. स्टुलाचा एक पाय मोडून पडला होता.

कोटाची शिवण जशीच्या तशी होती. एक टाका सुटला नव्हता.

अण्णा वाकून ते बघत होते. मला वाटलं आता ते मोडलेल्या स्टुलाबद्दल बोलतील. त्याआधीच मी म्हणाले, "अण्णा, अजून एक आहे." मास्तरांनी दांड्यात अडकलेला कोट कापून काढला, नवा पट्टा चढवला. चिंध्यांच्या माणसाला सुटणाऱ्या बाहीचा दुसरा कोट चढवला, दुसऱ्या स्टुलावर बांधला. दांडा फिरला, बाही आत गेली, फट्‌ असा आवाज झाला, आणि चिंध्यांचा माणूस जागेवर जरासा डुलला. बसून राहिला. एक खांदा उघडा.

"मामंजी म्हणायचे ना, माणसाला दगा देता कामा नये?" वैनी हळू आवाजात म्हणाल्या. "मग ह्यात दगा कुठल्या कोटानं दिला?"

अण्णा खाली बसले, दांड्याभोवतीची बाही स्वतः सोडवली, धागा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाले, "झालेले कोट असतील तेवढे सगळे उसवायचे. चला, ब्लेडं आणा."

आमची शिवण किती पक्की, ते आम्हाला उसवताना कळलं. बोटं सोलली. मास्तरांनी कधी न दिलेल्या शिव्या दिल्या आणि त्या सगळ्या आमच्याच कामाला लागू होत्या. अण्णा चष्मा लावून आमच्या रांगेत बसले आणि कुरकुरत राहिले, "कुणी शिवलंय हे? सोडतच नाही!" प्रत्येक बाही नव्यानं लागली. खिसे काढले, कारण खिशातही काहीबाही अडकतं. आणि पुढची बटणं काढून टिचबटणं लावली, एका हिसक्यात छाती मोकळी व्हावी म्हणून.

कारखान्याचे साहेब आधी ऐकेनात. "शिवण कच्ची म्हणजे माल हलका!" जन्मभर ज्यांनी आपली शिवण पक्की असल्याचं सांगितलं, त्या अण्णांनी त्या दिवशी ती कच्ची कशी आणि का, हे टेबलावर हात आपटून पटवलं. बॉयलर पेटवायच्या आधी टेम्पो मिलच्या दारात उभा राहिला. टिचबटणं बघून कामगार खिदळले. "ए, पोलकी आली रं! अण्णा, आता बांगड्या पन द्या!" भिवाजींनी कोट घातला, टिचबटणं फटाफट लावली, खांदे दोनदा फिरवले आणि आमच्यासमोर बाही हिसकून काढली. बघणाऱ्यांचं हसू तिथेच थांबलं. "आता हीच पुन्हा लावून द्या ताई," ते मला म्हणाले. "मी घालतो." हातमशीन होतंच. मी तिथेच पोत्यावर बसून लावून दिली.

काम राहिलं, आम्हीही राहिलो. पण बरं केलं की वाईट केलं, हे हंगाम सुरू झाल्यावरसुद्धा मला कळत नव्हतं. काम करता करता रोज वाटायचं, एखादी बाही मध्येच गळून पडली आणि तिच्यापायीच कुणाला काही झालं तर?

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. भर दुपारी कापड बाजारातून भिवाजी चालत आले. अंगात निळा कोट, पण उजव्या खांद्यापासून बाहीच नव्हती. खांद्याला तेवढे धागे लोंबत होते आणि दंडावर हळद भरलेला ओरखडा.

"अण्णा, एक बाही द्या. जुनी चिपाडातनं गेली," ते दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले. "सायब बिनबाहीचा आत सोडत न्हाई."

अण्णा गादीवरून उठले. कोटाकडे त्यांनी पाहिलंच नाही. भिवाजींचा हात हातात घेतला आणि दंडापासून बोटांपर्यंत चाचपत खाली आले, माप घ्यावं तसे. मुठीची उघडझाप करायला लावली. मग आत बघत ओरडले, "चहा आणा!"

मी बाही घेऊन बाहेर आले. वाटलं, लगेच लावून द्यावी, उघड्यावर असं दिसायला नको. मशीनवर बसणार तोच अण्णा म्हणाले, "घाई काय तुला? चहा पिऊ दे त्यांना. भिवाजीराव, तुम्ही हितं बसा, असे पुढे." आणि त्यांनी त्यांना दुकानाच्या अगदी तोंडाशी, रस्त्याकडे उघडा खांदा करून बसवलं.

समोरचा धोतरवाला बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "काय हो अण्णा," तो रस्त्यापलीकडून ओरडला, "तंबूवाल्यांची शिवण उसवली की काय?"

"उसवली!" अण्णा त्याच्याहून मोठ्यानं ओरडले. "पार खांद्यापासून उसवली. या, जवळून बघून जा!"